जनूकाकांचा पुकारा

जनूकाकांना तीन आवाज होते आणि तिन्ही आमच्या बंदराला पाठ होते. एक क्रिकेटच्या सामन्यांचा, एक सभा-मोर्चांचा आणि तिसरा मयतीचा. तिसरा आवाज भोंग्यातून आला की मासळी कापणारी बाई विळीवरून हात उचलायची, जाळं विणणारा दोरा तसाच धरून ठेवायचा, आणि नाव कळेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही.

आमचा कोळीवाडा खाडीच्या अलीकडच्या काठावर, मोहल्ला पलीकडच्या. खाडी अरुंद, इकडचं भांडण तिकडे ऐकू जाईल इतकी. दोन्ही काठांच्या होड्यांना समुद्रात उतरायला तोंड एकच. म्हणून रीत अशी, की कुठल्याही काठावर माणूस गेला तर त्याला स्मशानात किंवा कबरस्तानात पोचवेपर्यंत कुठल्याच काठाची होडी तोंडाबाहेर काढायची नाही. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नाही, आणि कुठे लिहिलेलीही नाही. ती जनूकाकांच्या घशात होती. मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर दोन भोंगे होते, एक कोळीवाड्याकडे तोंड केलेला, एक मोहल्ल्याकडे. पलीकडे कुणी गेलं की तिकडचा माणूस होडीतून येऊन काकांना नाव सांगायचा आणि काका पुकारा करायचे.

तोच घसा त्यांनी या निवडणुकीत शेठच्या प्रचाराला दिला. त्याचं काय झालं ते मला लिहायचं आहे. त्यांना माफ करावं म्हणून मी लिहीत नाही, आणि ते वाईट होते असं ज्यांना वाटतं त्यांना खूश करण्यासाठी तर मुळीच नाही.

जनार्दन तांडेल हे त्यांचं पूर्ण नाव. किडकिडीत माणूस, लांब मान, आणि भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. दाढेखाली लवंग. बर्फाच्या कारखान्यावरून जाताना तोंड मिटून जायचे. माइकवर फुंकर मारणाऱ्याचा त्यांना राग. "फुंकर चुलीला मारायची," म्हणायचे, आणि स्वतः नखाने दोनदा टकटक करायचे. माइक तपासायला कधी "हॅलो, हॅलो" म्हणाले नाहीत. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ सांगायचे. लग्न असो, सामना असो की निषेधसभा, पहिलं वाक्य भरतीचं.

सामन्याला त्यांच्या समालोचनासाठी लांबून माणसं यायची. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर खेळ, विजेत्याला बोकड. फलंदाज बाद झाला की काका ओरडायचे, "गेला! आयशीला सांगा, भात वाढायला घ्या, पोरगा घरी निगाला!" चेंडू खाडीपलीकडे गेला की, "सलीम, टाक रं इकडं! तुज्या बापसाच्या लग्नात आलेला न्हाय तो!" आणि पलीकडून चेंडूबरोबर एक सणसणीत शिवी यायची. ती शिवीसुद्धा काका माइकवरून जशीच्या तशी सांगायचे, पण "मोहल्ल्याकडून शुभेच्छा आल्यात" असं म्हणून.

माझे बाबा शाळामास्तर आणि चळवळीतले. आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे. मी अक्षरओळख "बंधू-भगिनींनो" या शब्दावरून केली. बाबा लिहायचे आणि काका बंदरावर मोठ्याने वाचायचे. पण वाचण्याआधी ते बाबांचं वाक्य हातात तोलून बघायचे. "मास्तर, ह्या वाक्यात मना दम लागतो. तोड." बाबांनी "भांडवलशाही व्यवस्था" लिहिलं की काका वाचताना "पैकेवाले" म्हणायचे. बाबा चिडायचे. लोक मात्र "पैकेवाले" ऐकून टाळ्या वाजवायचे.

चळवळ एकाच गोष्टीची होती. धक्का. आमच्या काठाला धक्का नाही. ओहोटीला होड्या लांब चिखलात उभ्या राहतात आणि बायका डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन मांडीपर्यंतच्या चिखलातून काठाला येतात. इतक्या वर्षांत प्रत्येक साहेब येऊन धक्क्याचं भूमिपूजन करून गेला, आणि प्रत्येक भूमिपूजनाचा कार्यक्रम पुकारला जनूकाकांनीच. "सगले नारल माज्या आवाजात फुटलेत," ते म्हणायचे, आणि हसायचे नाहीत.

त्याच चिखलात यमुनाकाकी पडल्या. काकांची बायको. टोपलीसकट घसरल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून त्या काठी घेऊन उंबऱ्यावर बसतात. बंदरावरच्या ज्या बाईसमोर गिऱ्हाईक घासाघीस करायला धजत नसे, ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून विचारते, आज काय लागलं जाळ्याला. आमदारांचा माणूस विचारपूस करायला आला तो गाडीतून उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "वहिनी, बऱ्या आहात ना?" आमच्या चळवळीची माणसं आली ती पत्रक घेऊन आली. "यमुनाबाईंना न्याय द्या!" काकींनी ते काकांकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "नाव माजं छापलं, मना कुनी इचारलं का?"

मग शेठ आले. पनवेलकडचे, जमिनींच्या व्यवहारात मोठे झालेले, कुठल्याही जुन्या पक्षाने कधी दारात उभे न केलेले. आमच्या किनाऱ्याशी त्यांचा संबंध एवढाच, की इथल्या रिसॉर्टांत ते जेवायला यायचे. ओहोटीची वेळ होती. सगळ्यांना वाटलं, रस्त्यावरून हात हलवतील. शेठ पांढऱ्या कपड्यांत चिखलात उतरले, रुतले, बूट आतच राहिला, दोघांनी ओढून काढलं तेव्हा मोठ्याने हसले. तसेच चिखलाने माखलेले काकींच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मावशी, कुठे पडलात ते मला हाताने दाखवा." काकींनी हात उचलून दाखवलं. मला ते सगळं नाटक वाटलं, आजही वाटतं. पण काकींनी हात उचलला तेव्हा जनूकाका दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला.

त्या संध्याकाळच्या सभेत शेठ म्हणाले, "तुमचा धक्का कुठे गेला, ठाऊक आहे? तो बघा पलीकडे. त्यांना मिळाला. का मिळाला? कारण ते एकगठ्ठा आहेत आणि तुम्ही मेंढरं आहात!" सगळ्या माना मोहल्ल्याकडे वळल्या. मोहल्ल्याच्या काठाला जुना दगडी धक्का आहे खरा. एक आरोळी उठली, जी मी आमच्या बंदरावर कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शेठच्या प्रचाराच्या टेम्पोतून जनूकाकांचा आवाज येऊ लागला.

मी पत्रक काढलं. पलीकडचा धक्का पूर्वीच्या प्रवासी लाँचसाठी बांधलेला आहे, लाँच बंद पडली, धक्का उरला, त्यात मोहल्ल्याचा काही हात नाही, असं सगळं नीट लिहिलं. पहिली प्रत काकांना दिली. त्यांनी जाळ्यांच्या ढिगावर बसून ती शेवटपर्यंत वाचली.

"बरं लिवलंस गो," ते म्हणाले. "वाक्यं तुज्या बापसापेक्षा लहान हायत."

"काका, हे खरं आहे ना?"

"खरंच हाय. त्या लाँचीतून मी आयशीचा हात धरून उतरलोय."

"मग तुम्ही शेठचं नाव कसं पुकारता? तो खोटं बोलतो!"

"तुना काय वाटतं, मना कलत न्हाय?" त्यांनी पत्रकाची घडी घातली. "आजवर आले ते सगले खरं बोलले. 'वर कलवतो,' त्यांनी कलवलं. 'पाठपुरावा करतो,' त्यांनी केला. एकजन खोटं बोलला न्हाय आनि यमुना चिखलात पडली. हा खोटारडा हाय. पन ह्याचं नाव काडलं की ते साहेब लोक घाबरतात. परवा आमदारांनी मना फोन केला, सोता. 'जनूभाऊ' म्हनाले. इतकी वर्सं 'अरे जना' म्हनायचे. मना त्यांना घाबरलेलं बगायचं हाय, पोरी. मरायच्या आदी एकदा."

"आणि पलीकडचे घाबरले तर?"

काकांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "त्यांना मी हाय ना," ते म्हणाले.

यावर मी तिथेच भांडायला हवं होतं की नव्हतं, याचा विचार मी करत बसत नाही. पण शेठला मत देणाऱ्या कितीतरी भल्या माणसांच्या तोंडून मी पुढे हेच वाक्य या ना त्या रूपात ऐकलं. आमचा सलीम वेगळा. आमच्या सलीमला कोण हात लावतो? मी बसलोय ना. प्रत्येकाला वाटत होतं, आग लागली तरी आपल्या ओळखीचं घर आपण तळहाताने झाकू. सभांमध्ये ज्यांना मूर्ख आणि फसलेले म्हटलं जातं, त्यांच्यात जनूकाका बसत नाहीत. ते फसले नव्हते. त्यांनी मोजूनमापून एक खोटं विकत घेतलं होतं आणि त्याची किंमत आपण एकटेच देऊ, असं धरून चालले होते.

प्रचार तापला तसा बंदराचा सूर बदलला. आमच्या काठावरून पलीकडे आता चेंडू जायचा तो परत यायचा, पण शिवी येत नव्हती. एके दिवशी शेठच्या टोळीतली आमचीच पोरं सोसायटीच्या गच्चीवर चढली आणि मोहल्ल्याकडचा भोंगा फिरवून त्यांनी त्याचं तोंड आमच्याच वाड्याकडे केलं. जनूकाकांना कळलं तेव्हा ते जेवत होते. तसेच उठले, पाना घेऊन गच्चीवर गेले आणि भोंगा पुन्हा पलीकडे वळवून नट आवळू लागले.

खालून एकाने टोमणा मारला, "काय काका, टोपी शिवायला टाकली का?"

काकांनी काम थांबवलं नाही. "मत माजं हाय, ते शेठला. भोंगा गावचा हाय. तुज्या जन्माचा पुकारा ह्याच भोंग्यातनं केलाय. तवा तिकडनं खजूर आलेले. तुज्या आयशीला इचार, गोड होते का."

पोरं हसली आणि पांगली. त्या दिवशी मला वाटलं, काका जिंकले. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

शेठची समुद्रातून मिरवणूक ठरली. आमच्या सगळ्या होड्या झेंडे लावून भरतीला तोंडाबाहेर पडणार आणि शेठ पुढच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, उभे राहून शेजारच्या बंदरापर्यंत जाणार. आमच्या काठाला धक्का नसल्याने भरती हुकली की होडी हलत नाही, त्यामुळे सगळं पाण्याच्या वेळेवर. सकाळपासून ढोल चालू होते. जनूकाका टेम्पोवर माइक घेऊन उभे. बायकांनी नऊवारी नेसून आरत्या आणल्या होत्या. मी बाबांबरोबर कडेला उभी होते, आमच्या उरल्यासुरल्या पत्रकांसकट.

पलीकडून एक होडी आली. सलीम उतरला. तो आता मोठा बाप्या होता, दोन होड्यांचा मालक. डोक्यावर टोपी, पाय अनवाणी. झेंड्यांच्या गर्दीतून तो सरळ टेम्पोकडे चालत गेला आणि ढोल आपोआप मंद झाले.

"काका, आमचे बाबाजान गेले," तो म्हणाला. "पहाटे, फजरच्या वक्ताला. दुपारी जोहरनंतर दफन हाय."

त्याचे आजोबा, इस्माइल नाखवा. त्यांच्याच होडीवर जनूकाका पोरवयात खलाशी म्हणून लागले होते. वाऱ्यात हाक कशी मारायची, ती पोटातून कशी काढायची, हे त्यांना इस्माइल नाखव्यांनी शिकवलेलं. हे काका कुणालाही सांगायचे, विचारलं नाही तरी.

काका टेम्पोवरून खाली उतरले. त्यांनी सलीमचा हात धरला. तेवढ्यात शेठचा माणूस जवळ आला, गॉगल कपाळावर चढवलेला. तो अगदी हळू, अगदी सभ्यपणे बोलला. मला तेच अजून टोचतं.

"वाईट झालं हो काका. पुकारा करायलाच हवा. आम्ही कुठे नाही म्हणतो? फक्त होड्या तोंडाबाहेर पडल्या की करा. पाणी थांबणार आहे का आपल्यासाठी? शेठ गाडीतून उतरतच आहेत."

काकांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी भरून आलं होतं, होड्या हलायला लागल्या होत्या. त्यांनी उंबऱ्यावरून उचलून आणून खुर्चीवर बसवलेल्या यमुनाकाकींकडे पाहिलं. मग सलीमकडे.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी आलोच. करतो पुकारा."

सलीमने "कधी?" असं विचारलं नाही. त्याने काकांच्या हातातून हात काढून घेतला आणि आल्या वाटेने गेला.

"काका," मी ओरडले, "आत्ता करा!"

"गप गो," काका म्हणाले. "जरासा येल तर जाईल. ह्यात कुनाचं काय मोडतं?"

ते टेम्पोवर चढले आणि त्यांनी शेठचं नाव पुकारलं. इतक्या वर्षांतला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज होता तो. होड्या सुटल्या. इंजिनं, ढोल, फटाके. पलीकडे मोहल्ल्याच्या होड्या सगळ्या धक्क्याला बांधलेल्या, आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर माणसं ओळीने उभी. आमच्या होड्या त्यांच्या समोरून गुलाल उधळत गेल्या. त्यांनी हात हलवला नाही, शिवी दिली नाही. नुसतं पाहिलं.

शेवटची होडी तोंडाबाहेर पडली तेव्हा काका सोसायटीच्या गच्चीवर पोचले होते. नखाने टकटक झाली. भरतीची वेळ त्यांनी सांगितली नाही. "मंडळी," तिसरा आवाज आला, "इस्माइल हसन नाखवा आपल्यातून गेले. दोन्ही काठांच्या होड्यांनी..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं, पण ऐकायला आमच्या काठावर म्हाताऱ्या बायका आणि आम्ही पत्रकवालेच होतो.

दफनाला ते गेले. त्यांना जागा दिली गेली, मूठभर माती टाकू दिली गेली. परत आल्यावर आमच्या ओट्यावर येऊन बसले. "कुनी काय बोललं न्हाय रे मास्तर," बाबांना म्हणाले. "एकानं तरी शिवी द्यायची." बाबांनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

मतदानाच्या दिवशी काका काकींना खुर्चीत बसवून घेऊन गेले. ते बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. "त्यालाच दिलं," ते विचारण्याआधीच म्हणाले. "बगू नको तशी. तुज्या बाजूचा कोन आलेला त्या दिवशी मातीला? मी कबरस्तानात सगली तोंडं बगितली." आमच्या बाजूचं खरंच कुणी गेलं नव्हतं. आम्ही निषेधाचं पत्रक लिहीत होतो.

शेठ निवडून आले. धक्क्यासाठी जागा मोजणारे आले आणि चिखलात लाल झेंड्यांच्या काठ्या रोवून गेले. त्यापुढे अजून काही झालेलं नाही. होईलही कदाचित. काकांनी टेम्पो सोडला. आता ते काकींना घेऊन माणगावला लेकीकडे राहतात, जिथून समुद्र दिसत नाही. पण जाण्यापूर्वी त्यांनी एक पुकारा केला, आणि मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

आमच्या वाड्यातल्या सोनीआजी पहाटे गेल्या. बाबांनी अंत्ययात्रेची वेळ सांगायला मला सोसायटीवर पाठवलं. मी गच्चीवर गेले तेव्हा उजाडलं होतं आणि भरती होती. आमच्या होड्या काठाला उभ्या होत्या, कारण वाड्यात सगळ्यांना कळलं होतं. पलीकडे मोहल्ल्याच्या होड्यांत बर्फ भरून झाला होता, इंजिनं चालू होती. सलीमची होडी सगळ्यात पुढे, खाडीच्या तोंडाजवळ पोचत आलेली. खाली वाड्यातली माणसं अंगणात येऊन उभी राहिली होती. कुणी भोंग्याकडे पाहत नव्हतं. सगळे पलीकडे पाहत होते. थांबा म्हणायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच उरला नव्हता, आणि हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

काकांनी माइक हातात घेतला, पण कितीतरी वेळ नख लावलं नाही.

"करा ना," मी म्हणाले.

टकटक झाली. "मंडळी," ते म्हणाले. "कोळीवाड्यातल्या सोनीबाई..."

सलीमच्या होडीचं इंजिन बंद झालं. मग मागच्या होडीचं. मग एकेक करत सगळ्यांची. खाडीत इतकी शांतता झाली की पाणी होड्यांना लागल्याचा आवाज गच्चीवर ऐकू येत होता. सलीम नाळेवर उभा राहिला, त्याने लांब बांबू पाण्यात रोवला आणि होडीचं तोंड पुन्हा धक्क्याकडे वळवायला लागला. त्याने आमच्या दिशेने मान वर केली नाही.

माइक चालू होता. काका पुढचं बोलत नव्हते. भोंग्यांतून दोन्ही काठांना त्यांचा श्वास ऐकू जात होता. खालून बाबांनी हाक मारली, "जना, वेळ सांग."

काकांनी माइक माझ्या हातात दिला. "तू सांग," ते म्हणाले. "माज्यानं आता होनार न्हाय."

मी सोनीआजींचं नाव सांगितलं, वेळ सांगितली. माझा आवाज पातळ निघाला, पण पोचला असावा. वळून पाहिलं तर काका कठड्याशी उभे होते, मफलर सुटून खांद्यावर आलेला, आणि पलीकडे सलीम धक्क्याला दोर बांधत होता. त्याची गाठ पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.